चुकांची वही

सानपाड्याच्या एका खाजगी हॉस्पिटलात चारुलता मेट्रन झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं नर्सिंग स्टेशनवर एक वही ठेवली. औषध देताना चूक झाली, तर जिची तिनं त्यात लिहायची. ओरडा नाही, मेमो नाही, असा तिचा शब्द होता. बावीस वर्षं तिथल्याच वॉर्डात राबलेल्या बाईचा शब्द म्हणून मुलींनी तो मानला. वही भरू लागली, आणि चुका वेळेत कळू लागल्या.

मग डॉ. सुयश दामले नवे डायरेक्टर म्हणून आले. टाय कडक, इस्त्री कडक, माणसांशी बोलायचं तेही स्लाइड लावून. वही पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याच आठवड्यात अलिशा या नव्या नर्सनं इन्सुलिन दुप्पट दिल्याचं लिहिलं होतं. पाच मिनिटांत लिहिलं, म्हणून तर त्या आजोबांना वाचवता आलं. साहेबांनी नेमकं तेच पान धरलं. अलिशाला काढायचं, आणि पत्रावर मेट्रनची सही हवी.

चारुलता तासभर भांडली. सही करणारी दुसरी मेट्रनही मिळेल, असं साहेब शांतपणे म्हणाले. आपण गेलो तर वहीही जाईल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि सही केली. अलिशानं पत्र घेतलं आणि ती निघून गेली.

पुढचे दोन महिने वहीत एक ओळ नाही. साहेबांनी खूश होऊन केक कापला. चारुलतानं आपला तुकडा तसाच ठेवला. आताशा ती पॅन्ट्रीत शिरली की मुली डबे आवरून उठायच्या. ज्या टेबलावर इतकी वर्षं हसतखिदळत जेवली, तिथं ती एकटी बसायची. तिला फार एकटं वाटायचं, रडू यायचं.

एके सकाळी राउंडला एका आजींच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले. रक्त पातळ करायची गोळी आदल्या दिवशी दोनदा गेली होती, आणि औषधांच्या तक्त्यावर खाडाखोड होती. तिनं धावतपळत डॉक्टरांना बोलावलं. आजी निभावल्या. विचारल्यावर मात्र एकही नर्स काही माहीत असल्याचं कबूल करेना.

नंदिनी तिच्याबरोबरच नोकरीला लागलेली. तिला बाजूला घेऊन चारुलता म्हणाली, "निदान तू तरी मला सांगायचंस."

"काल संध्याकाळीच कळलेलं मला," नंदिनी खाली बघत म्हणाली. "तुझ्या केबिनच्या दारापर्यंत आलेले. पण तुला सांगायचं म्हणजे चुकलेल्या पोरीलाही अलिशासारखं घरी पाठवायचं ना गं. म्हणून परत फिरले."