डाव्या बाजूचे दोन टायर

माझ्या आईला पसंत करायला अप्पांना म्हणे दहा मिनिटं लागली होती. त्या शनिवारी चामराजपेटेतल्या महांतेशच्या दुकानात दीड तास झाला, तरी त्यांचे टायर काही ठरत नव्हते. एकाच्या रबरात नख रुतवून बघायचे, मग दुसऱ्याच्या.

अप्पा म्हणजे माझे वडील, पद्माकर. वय एकोणसत्तर. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात. यांनी टर्बो इंजिनाची लाल हॅचबॅक घेतली. दिसायला छोटी, पण सिग्नल सुटला की मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकणारी. माझ्या सात वर्षांच्या मुलीला, भूमिकाला, ते रोज याच गाडीतून बसवनगुडीच्या शाळेत सोडत.

"हा मऊ रबराचा, रस्ता धरून ठेवतो," महांतेश तिसऱ्यांदा सांगत होता. तो बेळगावकडचा, धीराचा माणूस. "पण तीस हजार किलोमीटरला संपला. तो दुसरा कडक. पन्नास हजार जातो, पण जोरात ब्रेक मारला की स्वल्प सरकतो बघा, अण्णा."

"सांगतो. आधी जुने काढ."

गाडी जॅकवर चढली. चारही टायर काढून महांतेशने ओळीने मांडले आणि तो त्यांच्याकडे बघतच राहिला. उजवीकडचे दोन सारखे झिजले होते. डावीकडच्या दोन्हींच्या कडा मात्र फुटपाथला घासून घासून उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, आणि पुढच्याला लिंबाएवढा फुगा आला होता.

"हा वाटेत फुटला असता, अण्णा. आणि डावीकडचेच दोन कसे काय?"

"मेट्रोचं खोदकाम, अंगावर येणारे रिक्षावाले," अप्पा म्हणाले. "रस्ते राहिलेत कुठे?"

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी एरवी लगेच म्हटलं असतं. माझी जीभ काही गोड नाही. पण त्या दिवशी नाही म्हटलं, कारण खरं काय ते मला ठाऊक होतं. जानेवारीत गाडीचा डावा आरसा तुटला. मग ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहायला लागली, आणि वर अप्पाच विचारायचे, "आज चटणी नाही केलीस?" डोळे तपासायला नेलं असतं, तर डॉक्टरांनी गाडी बंद केली असती. मग भूमिकाला सोडणार कोण? शाळेच्या बसमध्ये जागा नव्हती. माझा नवरा अभिराज साडेसहालाच कामाला निघतो, आणि मला आठला मल्लेश्वरमच्या ऑफिसात हजर व्हावं लागतं. म्हणून मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. सांगायला लाज वाटते, पण झालं ते असं.

महांतेश माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अक्का, हे रस्त्याचं नव्हे. रस्ता वाईट असता तर चारही टायरांनी मार खाल्ला असता." मग तो गाडीला वळसा घालून पलीकडे गेला आणि मोठ्याने म्हणाला, "कोणता बसवू, अण्णा?"

"मऊ. महाग असू दे, लवकर झिजू दे. माझी नात बसते गाडीत."

सोमवारी सकाळी अप्पा नव्या टायरांवर, नव्या हुरुपाने तिला घेऊन निघणार होते.

"कुठलाच बसवू नका," मी म्हणाले.

"का गं?"

"अप्पा, मान न वळवता सांगा. महांतेशच्या हातात काय आहे?"

महांतेश एव्हाना गाडीपलीकडून येऊन त्यांच्या डावीकडे, दोन हातांवर, चांगला हातभर लांब पाना घेऊन उभा होता. अप्पांनी मान वळवली नाही. फसवणं त्यांच्या स्वभावातच नाही. ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"महांतेश इथे आहे?" त्यांनी विचारलं.

महांतेशने पाना खाली ठेवला. त्या आवाजाला अप्पा दचकले आणि तिथेच नव्या टायरांच्या चळतीवर बसले.

"मला वाटत होतं, रस्तेच अरुंद झालेत," ते म्हणाले. "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "जानेवारीत," मी म्हणाले. मार्च संपत आला होता.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. मीही भांडले असते. भांडण मला जमतं. पण त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"मला माहीत नव्हतं, म्हणून मी तिला नेत होतो," अप्पा म्हणाले. "तुला माहीत होतं, प्रिया. आणि तू रोज सकाळी स्वतःच्या हाताने पट्टा लावून तिला डावीकडे बसवत होतीस."