सहादूच्या ट्रकची दृष्ट

सहादूच्या ट्रकला दृष्ट कुणाची लागली, याबद्दल वस्तीवर दुमत नव्हतं. कारभारीची! ट्रकच्या इंजिनाला पेट्रोल सोडायचं नवं इंजेक्शन बसलं त्या दिवशी हा शेजारचा कारभारी बांधावर उभा राहून म्हणाला होता, "काय गाडी झालीया राव! आवाजसुदिक येत न्हाई." झालं. पुढच्याच आठवड्यात गाडी करंजी घाटात बसायला लागली.

तिसगावच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच सहादूची वस्ती. ट्रक तसा लहानच, पण जुना. मिलिटरीच्या लिलावात त्याच्या बापानं घेतलेला, पेट्रोलवर चालणारा, डाव्या सीटखाली टाकी असलेला. त्याच्या जोडीचं दुसरं गाडं आता नगरच्या रस्त्याला दिसत नाही, आणि सहादूला त्याचा कोण तोरा! इंजिनाला पेट्रोल पाजणारा जुना कार्बोरेटर पार झिजला, त्याचे भाग कुठं मिळेनात, तेव्हा नगरला गॅरेजात काम करणारा त्याचा भाचा पंकज म्हणाला, "मामा, काढून टाकू ह्यो. मोडीतल्या कारचं इंजेक्शन बसवतो. पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटरच ठरवंल."

"म्हंजी म्हाताऱ्याला बाशिंग बांधायचं म्हन की!" सहादू हसला होता.

पण बांधलं. टाकीत नवा पंप बसला, इंजिनाशेजारी कॉम्प्युटरचा डबा आला. शेवटी टाकीपासूनची नळी तेवढी हातभर कमी पडली. पंकज म्हणाला, "मामा, ही साधी नळी चालायची न्हाई. ह्यात पेट्रोल लई जोरात येतं. प्रेशरची लागती, उद्या घिऊन येतो." आता उद्या तर बाजार. भाजी काय नळीसाठी थांबती का? सहादूनं घरचीच एक शोधून जोडली आणि पंकजला फोन केला, "येऊ नको रे, बसवली मी. प्रेशरचीच हाय." तो खोटं बोलला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

गाडी आठवडाभर सुरेख पळाली. मग दुखणं सुरू. सकाळी चारदा सेल्फ मारावा तेव्हा खोकत खोकत सुरू व्हायची, आणि घाटाची चढण लागली की जीव सोडायची. शेजारच्या सीटवर बायको भागिरथी, मागं भाजीच्या पाट्या, आणि हा बाबा भर घाटात बॉनेट उघडून इंजिनाला शिव्या देतोय. भागिरथी रोज एकच सांगायची, "आवं, पेट्रोलचा वास येतोय. माझं लुगडं बगा, वास मारतंय."

"तुझ्या नाकाला जलमभर वासच येतोय," सहादू म्हणायचा. "कार्बोरेटर हुता तवाबी यायचा. ट्रक हाय ह्यो, अत्तराचं दुकान न्हाई."

तरी बायकोचं अगदीच ऐकलं नाही असं नको म्हणून त्यानं एक केलं. रोज सकाळी चावी लावायच्या आधी देवाच्या फोटोपुढं, डॅशबोर्डच्या फटीत, तो एक उदबत्ती खोचायचा. आता दोन खोचायला लागला. तेवढाच वास दबतो म्हणे!

पंकज दर सुट्टीला यायचा. प्लग बदलले, फिल्टर बदलला, अर्थिंगची वायर काढून पत्रा घासून पुन्हा आवळली, सेन्सर एकेक काढून पुसले. कॉम्प्युटर आपला एकच रडगाणं गात होता : पेट्रोल पुरत नाही. "टाकी फुल हाय, पंप नवा हाय, मग पेट्रोल जातंय कुटं?" असं म्हणत पंकज डोकं खाजवायचा. शेवटी भागिरथीनं निकाल दिला, "तुमचा कॉम्प्युटर ठिवा गुंडाळून. दृष्ट काढाया पायजे."

दृष्ट काढायची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन ओवाळायच्या, विस्तवावर टाकायच्या. ठसका लागला तर काही नाही. नाही लागला तर दृष्ट जबर. आणि मुख्य म्हणजे विस्तव हातात घेतल्यापासून काम होईपर्यंत बाईनं बोलायचं नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. बोललं की सगळं फुकट.

मागच्या शनिवारी भागिरथी अशीच तव्यात विस्तव घेऊन निघाली होती, तर ह्या सहादूला चेष्टा सुचली. "आगं साप! पायाजवळ साप!" असा ओरडला. भागिरथी "आई गं" म्हणून किंचाळली आणि दृष्ट बोंबलली. हा पोट धरून हसत बसला. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता आभाळ फाटलं तरी तोंड उघडायची न्हाई मी."

ह्या शनिवारी पंकज प्रेशर मोजायचं मीटर घेऊन आला. दिवस कलला होता. ट्रक अंगणात, गुरांच्या हौदाजवळ उभा. इंजिनाकडं मीटर जोडून त्यानं चावी फिरवली, तर काटा अर्ध्यावर येऊन थरथरत राहिला. "अर्धंच प्रेशर," पंकज म्हणाला. "मामा, डावी सीट उचला बरं. मी पुन्हा चावी देतो."

सहादूनं सीट उचलली. जड लागली. खालची पोती चिंब होती. पंप घूंऽऽ करून चालू झाला, आणि नळीच्या जोडाजवळून पेट्रोलचा बारीक फवारा उडाला. थेंब नाही, धार नाही, फवारा! सहादूच्या तोंडावर गारवा आला, डोळे झोंबले. क्षणभर त्याला कळेचना की आपण काय बघतोय.

"बंद कर!" तो ओरडला. पंकजनं चावी मागं घेतली. वास असा दाटला की श्वास घेववेना.

आणि सहादूनं मान वळवली, तर घराकडून भागिरथी येत होती. ओठ घट्ट मिटलेले, हातात फडक्यानं धरलेला तवा, तव्यात रसरशीत विस्तव.

"भागे, थांब! विस्तव टाक!"

ती थांबली नाही. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ह्या माणसाची चेष्टा तिला पाठ होती.

"मामी, पेट्रोल!" पंकज ओरडला. आता भाचाही सामील झाला, असंच तिला वाटलं असणार. ती पाय उचलून झपाझपा यायला लागली.

"तुझ्या पाया पडतो, भागे! खरं सांगतोय गं!" सहादूचा आवाज फाटला. अरे देवा! आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस बायकोशी जीव तोडून खरं बोलत होता, आणि ती पुढंच येत होती. त्यानं बोलणं सोडलं आणि धावत सुटला. दोन्ही हातांनी तिच्या हातातला तापलेला तवा हिसकला आणि होता तसा हौदात फेकला. चर्रर्र झालं, वाफ उठली, गुरं दावी ताणून उभी राहिली.

"आवं, येड लागलं का तुमाला?" भागिरथी कडाडली. "पुन्ना मोडली का न्हाई दृष्ट? बोला की! आता का दातखीळ बसली?"

सहादूनं ट्रककडं हात केला. मग तिचं लक्ष त्याच्या हातांकडं गेलं. तळव्यांची कातडी लाल होऊन सुटली होती. तिनं काही न विचारता त्याचे हात धरून हौदात बुडवले, आणि तेवढ्यात तिच्याही नाकात तो वास शिरला. ती ट्रककडं बघतच राहिली.

पंकजनं नळी ओढून काढली. उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी मऊ पडली होती. दोन्ही टोकांना बांधायची तार आवळलेली. "ही कुनी बसवली?" त्यानं विचारलं. "मामा, ही तर फवारनीच्या पंपाची नळी हाय!"

"प्रेशरचीच हाय की," सहादू कसाबसा म्हणाला.

"पान्याच्या प्रेशरची! पेट्रोलनं ती विरघळती, मामा." पंकजनं ती नळी खाली टाकली. "मीच बगाया पायजे हुतं. तुमी बसवली म्हनला, मी सीट उचललीच न्हाई."

सहादूला डॅशबोर्डची ती फट दिसत होती. रोज सकाळच्या दोन उदबत्त्या. त्याच्या स्वतःच्या हातच्या. खाली हा फवारा, आणि फवाऱ्यावर बसलेली भागिरथी.

"रोज सांगत हुते मी," भागिरथी हळूच म्हणाली. रागानं नाही, तिलाच नवल वाटल्यासारखं. तिनं पदर नाकाला लावून बघितला. "बाजारातनं आलं की ह्याच लुगड्यानं मी चुलीफुडं बसत हुते की वो."

सहादूनं हौदातले हात काढले नाहीत. तो तसाच वाकून, मोठ्यानं, पोरासारखा रडला.

पंकजनं दुसऱ्याच दिवशी नगरहून खरी नळी आणून बसवली, नवी सीट टाकली. काटा चढला तो जागेवर ठाम राहिला. गाडी घाट हसत चढली. कारभारीला उगाच बोल लावला म्हणून भागिरथीनं त्याच्या घरी वाटीभर कालवण धाडलं.

हाताचे फोड सुकल्यावर सहादू पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसला. पाट्या भरलेल्या, भागिरथी शेजारी. देवाच्या फोटोपुढं त्यानं जास्वंदीचं फूल ठेवलं. उदबत्ती नाही. चावी लावली, पण फिरवली नाही.

"वास येतो का गं?"

भागिरथीनं ओठ घट्ट मिटले. खाली वाकून सीटचा वास घेतला, पदराचा घेतला, मग समोर रस्त्याकडं बघत राहिली. बोलेना. ही आपल्याच चेष्टेची फेड, हे सहादूला समजत होतं. त्यानं चावीवरचा हात काढला आणि मुकाट्यानं थांबून राहिला. मागून कारभारीचा टेम्पो हॉर्न वाजवत होता, तरी हलला नाही.

"न्हाई येत," ती शेवटी म्हणाली. "चला आता."