ते अडीच किलो माझे होते

मी वजनकाटा. बाथरूमच्या कोपऱ्यात, बादलीच्या पलीकडे बसलेला तो चौकोनी, काचेच्या खिडकीचा ऐवज म्हणजे मीच. आकडे चमकवणारी माझी भावंडं हल्ली फार झाली आहेत. मी मात्र जुन्या वळणाचा. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे, चार लोखंडी पट्ट्या आहेत आणि पुष्कळशी उत्सुकता आहे. उत्सुकता कारखान्यात घातलेली नव्हती, ती मागाहून आली. रोज कुणीतरी आपल्यावर उभं राहून आपल्याच तोंडाकडे टक लावून बघायला लागलं, की ती येतेच.

कारखान्यात तपासणीला एक बाई होत्या. त्यांनी माझ्यावर पन्नास किलोचं लोखंड ठेवलं. काटा थरथरला आणि नेमका पन्नासावर थांबला. बाईंनी माझ्या पाठीवर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "हा खरं बोलतो." ते तीन शब्द मी कितीतरी दिवस मिरवले. पुढे त्याच शब्दांची मला लाज वाटली. ती कशी, तेच सांगायचं आहे.

मला दुकानातून उचलून आणलं ते मुंगीनं. तिचं खरं नाव वेगळं असणार, पण या घरात ते कुणी घेत नाही. लहानपणी ती अगदी एवढीशी होती म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव. आता ही एवढीशी मुंगी दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि संध्याकाळी क्लबात जाऊन स्वतःपेक्षा जड लोखंड डोक्यावर उचलते. त्या खेळात अंगाच्या वजनाप्रमाणे गट असतात म्हणे. तिचा गट एकोणसाठ किलोचा. त्याच्यापुढे काटा गेला, की वरच्या गटातल्या धिप्पाड बायांशी गाठ. क्लबात वजनकाटा होता, पण तिथले सर आकडा अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा पुकारायचे. म्हणून ती तिकडे फिरकत नसे. "घरी मोजलंय, सर," एवढं म्हणून मोकळी.

माणसं माझ्यावर कशी चढतात ते बघण्यासारखं असतं. आधी श्वास सोडतात, जणू श्वासाचंच काही किलो असावं. पोट आत घेतात. आता मला पोट कुठे दिसतं? मला दिसतात ते तळपाय आणि हनुवटी. मुंगी तर चष्माही काढून ठेवायची, तेवढेच तीस ग्रॅम कमी म्हणून. मग काटा दिसायचा नाही, म्हणून खाली उतरून चष्मा घालून पुन्हा चढायची. रोज. बाहेरून बाबा ओरडायचे, "अगं, झालं का? तू काय काट्याशी गप्पा मारतेस?"

मग एक काळ असा आला की ती चढेनाशी झाली. बाथरूममध्ये यायची, नळ सोडायची आणि पालथ्या बादलीवर बसून राहायची. पाणी वाहतंय आणि ही कोरडीच. मला कळेना, हा कुठला नवा व्यायाम? बाबा दारावर टकटक करायचे, ती "आले" म्हणायची आणि हलायची नाही. असे कितीतरी दिवस गेले. दुकानाला दांड्या झाल्या, क्लब सुटला. शेवटी बाबाच तिला एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी आरशाखालच्या फळीवर गोळ्यांची एक पट्टी आली. फळीवर आधीपासून प्रोटीनचा भला मोठा डबा होता, माशाच्या तेलाच्या पिवळ्या कॅप्सूल होत्या. ते सगळे ऐटीत पुढे उभे. ही पट्टी मात्र टूथपेस्टच्या मागे, अंग चोरून. तेलाची कॅप्सूल चारचौघांत घ्यायची आणि ही गोळी चोरून, असं का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. दोन्ही पाण्याबरोबरच तर गिळतात.

पहिल्या आठवड्यात तिला चक्कर यायची. एकदा ओल्या फरशीवर पाय सटकला, बेसिनला धरलं म्हणून वाचली. बाबांनी त्याच संध्याकाळी बोटभर जाडीची रबरी चटई आणली आणि बाथरूमच्या कोरड्या भागात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरली. मला उचललं, चटई सारखी केली आणि मला तिच्यावर ठेवलं. मऊ, उबदार. मी म्हटलं, वा! आपलेही दिवस पालटले.

मुंगीचे तर खरंच पालटले. चक्कर थांबली. महिना-दीड महिन्यात नळाखाली गुणगुणणं ऐकू यायला लागलं. दुकान सुरू झालं, क्लब सुरू झाला. स्पर्धेला तीन महिने होते. आणि एका सकाळी, कितीतरी दिवसांनी, ती माझ्यावर चढली.

एकसष्ट.

ती उतरली, चष्मा पुसून पुन्हा चढली. एकसष्टच. आजारी पडण्याआधी ती साडेअठ्ठावन्न होती. तिनं टूथपेस्टमागची पट्टी काढली आणि तिच्याकडे असं बघितलं, की मलाच त्या पट्टीची दया आली.

त्यानंतर तिनं जेवण कमी केलं. माझ्यावर दिवसातून दोनदा, तीनदा चढायला लागली. माझा काटा साठाच्या खाली येईना. मग एक दिवस मी ऐकलं, ती आरशातल्या स्वतःला सांगत होती, "आता बरी आहे ना मी? मग कशाला हवी ही?" तिनं गोळी बंद केली. बाबांना सांगितलं नाही, डॉक्टरांना तर नाहीच. क्लबातल्या एका मैत्रिणीनं दिलेली, मन प्रसन्न ठेवणाऱ्या कसल्याशा पाल्याची बाटली फळीवर आली. ती मात्र पुढच्या रांगेत.

आठ-दहा दिवसांत माझा काटा उतरला. तिला वाटलं, बघा, गोळीच होती चोर! ती जेमतेम एक वेळ जेवत होती, हे तिनं हिशेबात धरलंच नाही. मी मात्र खूश. उतरता आकडा दाखवला की माणसं माझ्याकडे प्रेमानं बघतात, एवढंच मला ठाऊक होतं.

पण तिसऱ्या आठवड्यात बादली पुन्हा पालथी झाली. नळ पुन्हा वाहायला लागला. मी कान देऊन बसलो होतो, गुणगुणणं येईना.

त्याच सुमारास आत्या राहायला आली. मुंगीची आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तोंडानं फटकळ, मनानं लोणी. ती माझ्यावर चढली आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. "दादा! तुझा काटा खोटारडा आहे! कालच दवाखान्यात वजन केलंय मी. एका रात्रीत तीन किलो वाढायला मी काय कणिक आहे?"

मला एवढा राग आला म्हणून सांगू! खोटारडा? मी? त्या बाईंनी मला टिचकी मारली होती!

दुसरा कुणी असता तर हसून सोडून देता. काट्याला खोटं पाडणं ही तर जगाची रीतच आहे. पण बाबा पडले घड्याळजी. उभा जन्म लोकांची पुढे-मागे धावणारी घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. खोटा काटा म्हटल्यावर त्यांना चैन कुठलं? त्यांनी मला बगलेत मारलं आणि बाहेर नेलं.

मी पहिल्यांदाच घर बघितलं. भिंतीवर घड्याळंच घड्याळं, खिडकीत ऊन, आणि दिवसाढवळ्या बंद असलेलं एक दार. ते मुंगीच्या खोलीचं. बाबांनी मला फरशीवर ठेवलं आणि स्वतः चढले. एकाहत्तर. मग बाथरूममध्ये चटईवर ठेवून चढले. चौऱ्याहत्तर. पुन्हा फरशी, पुन्हा चटई. घामाघूम झाले, पण सोडेनात. शेवटी माझ्या शेजारी मांडी घालून बसले आणि मला उलटं करून माझे चार छोटे पाय बोटानं चाचपले.

"अरे लबाडा," ते हळूच म्हणाले, "फरशीवर तू पायांवर उभा असतोस. इथे पोटावर झोपलायस. पोटाला टेकू मिळाला की तुझं गणित बदलतं, होय ना?"

होय. रिकामा असताना माझा काटा बरोबर शून्यावर असायचा, म्हणून मलाही संशय आला नाही. मी इतके दिवस खोटं बोलत होतो आणि मला ठाऊक नव्हतं. मला शरमेनं गंजून जावंसं वाटलं.

बाबा मला घेऊन बंद दाराशी गेले. त्यांना ती गंमतच वाटत होती. "मुंगे, ऊठ, एक जादू बघ." ती येईना. "एकदाच. मग परत झोप." ती आली. केस विंचरलेले नाहीत, चष्मा नाही. तिचे तळपाय थंडगार होते. फरशीवर मी दाखवलं, छप्पन्न. बाबांनी चटईची गोष्ट सांगितली, तिच्याच तोंडून ऐकलेल्या त्या एकसष्टाचा हिशेब मांडला आणि म्हणाले, "म्हणजे तू तेव्हाही साडेअठ्ठावन्नच होतीस, वेडे! अडीच किलो या महाशयांचे."

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती माझ्यावरून उतरली, जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मी कधीच कुणाला इतकं मोठ्यानं रडताना ऐकलं नव्हतं. पालथ्या बादलीवरही ती रडत नसे, नुसती बसायची.

"बाबा, मी गोळ्या बंद केल्यात. तीन आठवडे झाले."

बाबांच्या चेहऱ्यावरची गंमत उतरली. मला वाटलं, आता रागावणार. ते तिच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "चटई मीच आणली ना गं."

"तुम्हाला काय माहीत, बाबा?"

"आणि तुला तरी काय माहीत? चल, चप्पल घाल. आत्ताच जाऊ."

डॉक्टरबाईंनी फळीवरच्या झाडून सगळ्या बाटल्या मागवून घेतल्या. पाल्याची बाटली परत आलीच नाही. असली गोष्ट या गोळ्यांबरोबर न विचारता घ्यायची नाही, असं बजावलं म्हणे. गोळी पुन्हा सुरू झाली, लहान मात्रेपासून. या गोळ्यांनी काहींचं वजन वाढतं, काहींचं वाढत नाही. वाढलं तर येऊन सांग, औषध बदलता येतं, पण परस्पर तोडू नकोस. हे सगळं मुंगीनं दात घासता घासता आत्याला सांगितलं, म्हणून मला कळलं.

ती स्पर्धा हुकली. मी त्याबद्दल अजून मनातल्या मनात माफी मागतो.

या गोष्टीला आता सात महिने झाले. बाबांनी चटईला माझ्या मापाचा चौकोन कापलाय. त्यात मी उघड्या फरशीवर उभा असतो, चार पायांवर, खरं बोलत. माझ्यावर गंजाचे दोन डाग आलेत, खिडकीला एक तडा गेलाय. हरकत नाही. माझं एकच मागणं आहे. माझा आकडा वाचून आयुष्यातलं काही तोडायला निघालात, तर आधी वाकून माझ्या पायांखाली काय आहे ते बघा. मी खोटं बोलत असलो तरी ते मला कळत नाही हो.

आज सकाळची गोष्ट. पुढच्या स्पर्धेला नऊ दिवस उरलेत. मुंगी चष्मा घालूनच माझ्यावर चढली. मी जिवाच्या आकांतानं काटा आवरायला बघत होतो, पण खरं ते खरं. एकोणसाठ किलो तीनशे ग्रॅम. या वेळी ते तीनशे ग्रॅम तिचेच होते.

ती बघत राहिली. मी तिची हनुवटी बघत राहिलो.

"बाबा," तिनं हाक मारली, "तीनशे ग्रॅम जास्त आहे!"

"मग गं?" बाहेरून आवाज आला. त्या आवाजातली भीती मला स्पष्ट ऐकू आली.

"मग काय! नाही उतरलं तर वरच्या गटात उचलीन. हरेन फार तर."

ती खाली उतरली. फळीच्या पुढच्या रांगेतून गोळ्यांची पट्टी काढली, ती फोडून एक गोळी हातात घेतली आणि पेला भरायला दोन्ही हात हवेत म्हणून ती गोळी क्षणभर माझ्यावर ठेवली. मी जीव मुठीत धरून मोजलं. काटा शून्यावरून हललासुद्धा नाही.

तिनं गोळी उचलली, तोंडात टाकली आणि पेलाभर पाणी प्यायली.