चार बोटं

घराचं काम काढायचं ठरलं, तेव्हा ज्याने त्याने आपापलं मागणं मांडलं. ह्यांना न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ हवा होता. सासूबाईंना त्यांच्या खोलीची खिडकी उघडून हवी होती. चौकट फुगल्यापासून तिची जी दातखीळ बसली होती, ती कुणालाच सोडवता आली नव्हती. मी म्हटलं, मला ओटा हवा. माझ्या मापाचा.

"ओटा आहे की," हे म्हणाले.

होता. माझ्या सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा सासूबाईंना समोर उभं करून तो बांधून घेतला होता. सासूबाई उंच, त्यांचा मुलगा त्यांच्याहून उंच. लग्नाच्या फोटोत आमची डोकी एका चौकटीत मावेनात, म्हणून फोटोग्राफरने माझ्या पायाखाली खोकं दिलं. तेव्हापासून ह्या घरात मी कशावर तरी उभीच आहे. ओट्यापाशी माझी एक फळी असायची, खाली दोन ठोकळे मारलेली. चढायचं, कांदा चिरायचा, उतरायचं, डबा काढायचा, परत चढायचं. पुढे फळीचाही कंटाळा यायला लागला. मग खांदा उचलून, टाचा वर करून निभवायचं. नवी नवरी होते तेव्हा सगळे सांगायचे, होईल सवय. झालीही. आता खांद्यालाच माझी सवय नकोशी झाली होती.

मी पुढच्या खोलीत शिवणकाम करते. कुणाचा डावा खांदा उतरलेला, कुणाची पाठ वाकलेली, कुणाचं पोट कबूल न केलेलं. सगळ्यांची मापं घेते आणि ज्याचं त्याला बसेल असं शिवून देते. गळ्यात टेप घेऊन जगाला माप विचारणारी बाई स्वतः मात्र दुसऱ्याच्या मापात उभी. शिंप्याचीच बाही उसवलेली असावी, तसंच.

मिस्त्री आले. कामाला चोख, बोलायला मऊ, पण ऐकायचं ते साहेबांचं, असा माणूस.

"ताई, ओट्याची उंची ठरलेली असते. स्टँडर्ड."

"कुणी ठरवली?"

"ते… सगळीकडे तीच असते."

"तुमचा शर्ट रेडिमेड आहे ना, मिस्त्री?"

"हो. का?"

"बाह्या दोनदा दुमडल्यात, म्हणून विचारलं."

त्यांनी बाह्यांकडे पाहिलं. हे हसले, पण लगेच सावरून म्हणाले, "अगं, उद्या सून आली आणि उंच असली म्हणजे?"

"मग ती तिच्या मापाचा करून घेईल. न आलेल्या सुनेसाठी मी आत्तापासून टाचा कशाला वर करू?"

"आणि घर विकायचं झालं तर?"

"विकायचंय?"

"नाही."

"मग झालं तर."

नवी फरशी जुनीच्या वरच बसणार होती. म्हणून मी नमुन्याच्या दोन फरश्या एकावर एक ठेवल्या, एक फरशीची आणि एक खालच्या सिमेंटच्या थराची म्हणून, त्यांवर अनवाणी उभी राहिले आणि सुरी धरल्यासारखा हात धरला. मिस्त्रींना माझा निळा खडू दिला. कोपराच्या जरा खाली त्यांनी भिंतीवर आडवी रेघ ओढली.

"दगडाचा वरचा काठ इथे," मी म्हटलं. "फरशीचं धरूनच सांगतेय."

सासूबाई दारात खुर्ची टाकून बघत होत्या. "मलाही असंच उभं केलं होतं ह्याच्या वडिलांनी," त्या म्हणाल्या. "हलू नको, हलू नको म्हणून जीव खाल्ला होता. तुझं माप मात्र कुणी घेतलंच नाही गं, ठेंगणे." लग्न झाल्यापासून त्या मला ठेंगणीच म्हणतात. सुरुवातीला टोचायचं. आता दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याच त्याला टोचतात.

काम सुरू झालं. चूल बाहेरच्या खोलीत आली, धूळ सगळीकडे गेली. जुने पाइप भिंतीतून निघाले ते आतून इतके गंजलेले, की इतकी वर्षं आम्ही काय प्यायलो हे कुणीच मोठ्याने विचारलं नाही. सासूबाईंची खिडकी उघडली. त्या दिवसभर तिथे बसून रस्त्यावरच्या लोकांच्या चालींवर शेरे मारत राहिल्या.

त्याच आठवड्यात माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलं. मी मशीनवरून उठेचना. एका दुपारी पाणी प्यायला आत गेले, तर ओट्याच्या विटांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. काळा दगड बाजूला टेकवलेला, दुसऱ्या दिवशी बसणार होता. माझ्या फळीवर सिमेंट कालवून ठेवलं होतं. त्याचं काही वाटलं नाही, तिचं काम संपलंच होतं. पण भिंतीवरची निळी रेघ दिसेना.

रेघ विटांच्या मागे गेली होती.

गळ्यातला टेप काढला. दगडाची जाडी धरली, फरशीचं वजा केलं. चार बोटं जास्त.

"फरशी यायचीय ना अजून, ताई," मिस्त्री म्हणाले. "फरशी आली की उतरेल आपोआप."

"फरशीचं मी धरलं होतं. तुमच्यासमोर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, दारात उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं. तेव्हाच मला कळलं.

"मीच सांगितलं त्यांना," हे म्हणाले. "अगदी स्टँडर्डएवढा नाही केला, मधला काढला. चार बोटांनी काय होतंय? होईल सवय."

मी आवाज चढवला नाही. आवाज चढवला की लोक आवाजाबद्दलच बोलतात.

"मिस्त्री, उद्या दगड बसणार नाही. बसवायचाच असेल तर मी त्या विटांवर बसलेली असेन. माझ्यासकट बसवा."

मिस्त्री थापी धुवायला निघून गेले. थापी स्वच्छच होती.

संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलाच्या चारही पायांखाली एकेक वीट आडवी सरकवली.

"काय चाललंय, ठेंगणे?" सासूबाईंनी विचारलं.

"माप घेतेय, आई."

त्यांनी विटेवर बोटं ठेवून पाहिली. चार. "माझं ताट खिडकीशी दे," त्या म्हणाल्या. "मी ह्यात नाही."

हे जेवायला बसले, कोपर टेबलावर टेकायला गेले आणि थांबले. "हे काय?"

"टेबल. थोडंच उंच आहे."

हेही हट्टी. तसेच जेवले. सकाळचा चहा तिथेच, पेपर तिथेच. त्यांचं ऑफिसचं कामही घरूनच, त्याच टेबलावर. दिवसभर खांदे कानांना भेटायला निघाल्यासारखे वर. मी मशीन चालवत होते, मिस्त्री न्हाणीघरात लपल्यासारखे फरश्या घासत होते, आणि स्वयंपाकघरात दगड भिंतीला टेकून निवाड्याची वाट बघत होता. दुसऱ्या संध्याकाळी हे उजवा खांदा चोळताना दिसले. मी दिसूनही न दिसल्यासारखं केलं. विटाही काढल्या नाहीत.

त्यानंतरच्या सकाळी ते माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले.

"तुझं नक्की कुठे दुखतं?"

"इथे. मानेच्या मुळाशी."

त्यांनी तिथे हात ठेवला. मग दुसरा हात आपल्या खांद्यावर, त्याच जागी. दोन कापडं जुळवून बघतात तसा.

"रोज?"

"रोज."

"बोलली नाहीस कधी."

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, होईल सवय."

ते आत गेले. मला मशीनवरून ऐकू आलं.

"मिस्त्री, विटा उतरवा. त्यांच्या रेघेपर्यंत."

"साहेब, पण स्टँडर्ड…"

"तुमच्या बाह्या आधी सरळ करा, मग स्टँडर्डचं बोलू."

मी उठून आत गेले. साहेबांनी सांगितलं की काम होतं, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच रेघेची राखण मला स्वतः करायची होती. विटांचा वरचा थर निघेपर्यंत मी टेप घेऊन तिथेच उभी राहिले. रेघ दिसली तेव्हा तिच्यावर सिमेंटचे शिंतोडे होते, पण ती होती. मिस्त्रींनी दगड बसवला, पाणसळ ठेवून सपाटी बघितली आणि स्वतःहून म्हणाले, "ताई, एकदा उभ्या राहून बघा. ओलं आहे तोवर."

मी उभी राहिले. दोन्ही टाचा जमिनीवर. हात आपोआप जिथे आला, तिथेच दगड होता.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

"बरोबर."

फरशी बसली, रंग झाला, चूल आत आली. पहिल्या दिवशी मी कांदा चिरत असताना हे बटाटे सोलायला म्हणून शेजारी येऊन उभे राहिले. दोन बटाट्यांत त्यांनी कंबरेवर हात ठेवला.

"फार खाली झालाय गं हा. कंबर मोडते माणसाची."

"होईल सवय," मी म्हटलं.

त्यांनी सुरी खाली ठेवली आणि बाहेर गेले. मला वाटलं, लागलं त्यांना. तर माझ्या शिवणाच्या खोलीतलं स्टूल घेऊन परत आले, ओट्यापाशी मांडून बसले आणि तिसरा बटाटा उचलला. माझ्या शेजारी, माझ्याच उंचीवर.

"दे," म्हणाले, "ती पातेली इकडे सरकव."