चाळण

मी एक जुना पितळी दिवा आहे. पण ज्या गावात माझं आयुष्य गेलं, तिथे मला दिवा कोणी म्हणत नाही. 'चाळण' म्हणतात. मित्रांनो, यात राग धरण्यासारखं काही नाही. माझ्या टोपाला अंगभर बारीक भोकं आहेत. महायुद्ध संपल्यावर काही वर्षांनी, हेलसिंकीच्या एका कारखान्यात ती पाडली गेली. खालच्या तोंडातून उजेड सरळ टेबलावर पडावा आणि भोकांतून थोडा भिंतींवर शिंपडला जावा, अशी माझी घडण. माझे भाऊ पुष्कळ. कोणी कचेऱ्यांत गेले, कोणी जहाजांवर. मी आलो उत्तरेकडे, पोह्यान्माच्या सपाट मुलखात, ओइवा नावाच्या शेतकऱ्याच्या घरी.

गावात वीज नुकती आली होती. शेजारचा एव्हर्ट मला बघून म्हणाला, "पीठ चाळायचं टांगून ठेवलंस होय रे? अर्धा उजेड गळून जाईल."

"जाऊ दे गळून. भिंतींनाही थोडा लागतो," ओइवा म्हणाला.

त्याची बायको सायमा हिची नजर अधू. ओइवाने तिला टेबलाच्या टोकाशी बसवलं, हातात भजनांचं पुस्तक दिलं आणि माझी तार हळूहळू खाली सोडत विचारलं, "दिसतं?"

"दिसतं."

"नीट दिसतं?"

"दिसतं म्हटलं ना."

"सायमा, दिसतं का?"

"जरासा आणखी खाली घे."

तिथे त्याने गाठ मारली. त्या मुलखात पहिलं उत्तर सभ्यतेचं असतं, दुसरं भिडेचं आणि तिसरं खरं.

सायमाच्या घरी रविवारी 'सेउरात' भरे. त्या भजनाच्या बैठकीत कोणी उठून उभं राहत नाही, कोणी आता अमुक गाऊ असं सांगत नाही. ज्याच्या मनात येईल तो बसल्या जागी एखादं पद धरतो आणि बाकीचे त्याच्या मागून येतात, खोल बर्फातून घसरगाडी जावी तसे, संथ. पद संपलं की कोणीतरी देवाविषयी दोन शब्द बोलतं. त्याचे शब्द संपतात तिथे पुढचं पद सुरू होतं. तुमच्या कीर्तनात बुवा एक आणि श्रोते अनेक. इथे सगळेच बुवा. मी वर टांगलेला. माझ्या उजेडात पुस्तकं उघडत, चेहरे मऊ होत आणि दारूच्या पायी भावाशी भांडून आलेला माणूसही दुसऱ्या कडव्यात भावाच्याच आवाजात आवाज मिसळे. मी पितळ आहे, मला डोळे भरून येत नाहीत. पण इतकी वर्षं त्या नामाच्या उजेडात राहिलो, हे माझं भाग्य मी जाणतो.

ओइवा गेला. सायमा विणायच्या सुईने माझी भोकं साफ करायची. नजर आणखी मंदावली तशी पुष्कळ भोकं धुळीने बुजली. त्याच सुमारास बाहेरच्या जगात माझा भाव वधारला होता. माझे भाऊ संग्रहालयांत काचेआड जाऊन बसले होते, हे मला लिंडरूस नावाच्या व्यापाऱ्याकडून कळलं.

तो नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी आला. माझ्याखाली उभा राहून बराच वेळ वर बघत राहिला. म्हणाला, "सायमाबाई, फार सुंदर दिवा आहे. मला द्याल का?"

आपल्या वस्तूची स्तुती ऐकून घेणं त्या मुलखात बरं दिसत नाही. सायमा म्हणाली, "काय आहे त्या चाळणीत? जुनी झाली. आवडली असेल तर न्या."

लिंडरूस शहरातला. तो खुर्चीवर चढला, प्लग काढला, ओइवाची गाठ सोडली आणि मला घोंगडीत गुंडाळून बाकावर ठेवलं. सायमा बघत राहिली. एकदा 'न्या' म्हटल्यावर 'नको' कसं म्हणायचं?

तोवर माणसं जमू लागली. बाहेर अंधारलं होतं. चुलीवरच्या बारक्या बल्बचा उजेड टेबलापर्यंत पोचत नव्हता. कोणी काही विचारलं नाही. कोणीतरी पद धरलं. पहिलं कडवं सगळ्यांना पाठ होतं, दुसरं निम्म्यांना. तिसऱ्यात एकेक आवाज गळत गेला आणि पद मधेच थांबलं. सायमाने मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवले होते. पुस्तक उघडूनही उपयोग नव्हता. तिचं गाणं आता संपल्यातच जमा होतं.

पद पुढे सरकेना, तेव्हा तिने कॉफी मांडली. वेलदोडा घातलेला, वेणीसारखा गुंफलेला पाव कापला. "घ्या," ती म्हणाली. कोणी हललं नाही. लिंडरूस तेवढा उठला आणि त्याने एक मोठा तुकडा उचलला.

म्हातारा एव्हर्ट त्याच्याकडे बघत होता. "सायमा, चाळण कुठे गेली गं?"

"पाहुण्यांना दिली."

"किती वेळा विचारलं त्यांनी?"

"एकदा."

"असं होय." एव्हर्ट पाहुण्याकडे वळला. "पहिल्या हाकेला आमच्यात पावसुद्धा कोणी उचलत नाही, पाहुणे. तुम्ही तर छतच उचललंत."

कोणीतरी हाताआड हसलं. लिंडरूसचा घास तोंडातच राहिला. त्याने तुकडा खाली ठेवला आणि थोड्या वेळाने विचारलं, "सायमाबाई, दिवा नेऊ ना?"

"न्या की. शब्द दिलाय मी."

तिथेच तो थांबला असता, तर आज मीही काचेआड असतो. एव्हर्ट खाकरला.

"सायमाबाई," लिंडरूस म्हणाला, "नेऊ?"

ती म्हणाली, "नका नेऊ. ओइवाने टांगलाय तो."

त्याने मला घोंगडीतून काढलं आणि स्वतःच्या हाताने परत टांगलं. घाईत गाठ वितभर वर बसली. सायमाने पुस्तक नाकाशी धरलं आणि पद पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. उंचीबद्दल कोणी बोललं नाही. त्याने विचारलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात लिंडरूस परत आला, या वेळी काही मागायला नव्हे. तो मागच्या बाकावर बसला. कॉफी झाल्यावर सायमाजवळ जाऊन म्हणाला, "दिवा जरा उंच बसलाय का?"

"छे, ठीक आहे."

"नक्की?"

"चालतंय की."

तो खुर्चीवर चढला, गाठ हातात धरली आणि वरूनच विचारलं, "सायमाबाई, उंच आहे का?"

"वितभर," ती म्हणाली. "वर्ष झालं."

मित्रांनो, माझी भोकं आता लिंडरूस येऊन साफ करतो, सायमाच्याच सुईने. जुन्या वस्तूंची धूळ पुसा, हे तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असेल. माझं मागणं थोडं वेगळं आहे. म्हाताऱ्या माणसाच्या घरातून काही उचलण्याआधी त्याला विचारा. 'न्या' म्हणाला, तरी आणखी एकदा विचारा. आणि मग, हात लावण्याआधी, पुन्हा एकदा.