मंजिष्ठेला लागणारं पाणी

बाजारच्या लाल लुगड्यानं एलिसाच्या मानेवर पुरळ उठलं होतं, ते जायला खूप दिवस लागले. तरी लग्नाच्या आदल्या संध्याकाळी लाल लुगडंच नेसायचं, हा तिचा हट्ट. तिची आई मर्सी आमच्या कुंपणापलीकडची. ‘मंजिष्ठेनं मी रंगवून देते,’ असं तुळशीला पाणी घालता घालता मी तिला बोलून गेले. तुळशीपाशी दिलेला शब्द मी मागे घेत नाही.

मंजिष्ठा म्हणजे वैद्य कातडीच्या दुखण्यावर देतात ती लालसर मुळी. तुरटीत भिजवलेल्या एका रुमालावर तिचा रंग आधी सुरेख चढला होता. लुगडं मात्र पातेल्यातून निघालं ते मळकट तपकिरी.

मर्सीनं ते दोन बोटांत धरलं. “चंद्रकांताबाय, हे नेसून पोरीनं कार्यक्रमाला बसायचं की भात लावायला जायचं?”

“मी पुन्हा करते.”

“राहू दे गं. शनिवारी कार्यक्रम. दुकानातून आणते, एका संध्याकाळचा तर प्रश्न.”

“आणि मानेचा?” मी विचारलं. तिनं लुगडं परत माझ्या हातात दिलं.

माझी सून ऋतिका कॉलेजात जीवरसायन शिकवते. संध्याकाळी येऊन तिनं लुगड्याचा काठ उजेडात धरला.

“आई, रुमालाच्या वेळी काय वेगळं होतं?”

“काही नाही. मुळी तीच, तुरटी तीच. उकळी फुटू दिली नाही.”

“पाणी?”

रुमाल विहिरीच्या पाण्यात केला होता. पण त्या पाण्यानं देवाच्या तांब्यावर पांढरा थर बसतो. शुभकार्याला ते कसं चालेल, म्हणून लुगड्यासाठी मी फिल्टरचं पाणी कळशीकळशीनं भरलं होतं.

ऋतिका हसली. “मुळीतलं परप्युरिन, म्हणजे तिचा रंग, तुरटीला धरून राहतं, पण लाल खुलायला कॅल्शियमही लागतं. तुमचा तो पांढरा थर त्याचाच. फिल्टरनं नेमकं तेच काढून घेतलं.”

“म्हणजे सोवळं नडलं,” मी म्हटलं.

“सोवळं नाही, आई. फिल्टर.”

गुरुवारी पूजा आटोपून मी विहिरीवर गेले. पाण्यावर सुपारीची पानं कुजली होती. हात जरा अडखळला. मग पाणी फडक्यातून गाळलं, पातेलं भरलं, नवी मुळी टाकली आणि तेच लुगडं आत सोडलं. मर्सी येऊन चुलीपाशी बसली. जाळ वाढला की लाकूड ओढायची, तोंडानं तिची रोझरीची प्रार्थना चालू. माझा जप चालू. असं दुपारपर्यंत.

लुगडं वर काढलं, तेव्हा पाण्याबाहेर आलेला काठ लालभडक होता.

वाळल्यावर एलिसानं त्याचा पदर रात्रभर मानेला गुंडाळून ठेवला. शुक्रवारी सकाळी ती कुंपणाशी आली, केस वर धरून पाठमोरी उभी राहिली. “बघा, काकू.” मान स्वच्छ होती.

लुगडं इस्त्रीला नेताना मर्सी म्हणाली, “उद्या माझ्या शेजारी बसायचं. उपास आहे म्हणून सांगू नकोस.”

“उपास आहेच,” मी म्हटलं. “बसते. माझ्यासाठी दोन केळी ठेव.”