सत्त्याऐंशीव्या पानावर कठीण शब्द नाहीत

मी एक जुने पुस्तक आहे आणि माझ्या पोटात एक अख्खे युद्ध आहे. निदान मुखपृष्ठावर तसे छापले आहे. खरे सांगायचे तर, मित्रांनो, माझ्या पोटात दोनशे चौदा कठीण शब्द आहेत आणि त्यांच्या मधल्या जागेत युद्ध आहे. पहिली अकरा वर्षे आठवीच्या वर्गाने शब्द तेवढे वेचून घेतले. युद्धाला कुणी हात लावला नाही.

मला एका सैनिकाने लिहिले. सैन्यातून सुटल्यावर तो या गावात आला आणि पोस्टासमोर कुलपे-किल्ल्या दुरुस्तीचे दुकान टाकून बसला. गिऱ्हाईक नसले की तो जुन्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत असे. त्याची वाक्ये त्याच्या किल्ल्यांसारखीच होती, आखूड आणि नेमक्या खाचांची. 'आम्ही पळालो. चिखल फार होता,' असे त्याने पहिल्याच पानावर लिहिले होते.

एक निवृत्त प्राध्यापक त्याच्याकडे वरचेवर यायचे, कारण ते किल्ल्या वरचेवर हरवायचे. त्यांनी एकदा त्या पावत्या वाचल्या.

"अहो, मजकूर उत्तम आहे, पण भाषेला जरा इस्त्री हवी," ते म्हणाले. "द्या माझ्याकडे."

सैनिकाला हुकूम पाळायची सवय होती. त्याने दिल्या. चार महिन्यांनी परत आल्या तेव्हा पहिले पान असे झाले होते : 'पंकमय रणभूमीवरून आमच्या तुकडीने व्यूहात्मक माघार घेतली.' पुढे तुंबळ, निर्वाणीचा, प्रत्याक्रमण, धारातीर्थी अशी सगळी फौज खडी होती. खऱ्या युद्धात इतकी कुमक मिळाली असती तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

एक पान मात्र त्याने प्राध्यापकांना दाखवले नाही. छपाईच्या दिवशी ते खिशातून काढून त्याने थेट छापखान्यात दिले.

"हे आहे तसं छापा. काना-मात्राही बदलू नका."

छापखानेवाल्याने कागद उलटसुलट पाहिला. "यात बदलण्यासारखं आहेच काय? पोरासोरांनाही कळेल."

तेच माझे सत्त्याऐंशीवे पान.

आमच्या तीनशे प्रती निघाल्या. मी त्यातली पहिली. शाई पुरती वाळली नव्हती तोवर सैनिक मला कागदात गुंडाळून शाळेत घेऊन आला. मुख्याध्यापकांची खोली त्याने टाळली. मैदानाच्या कडेला एक बाई नळाखाली बादली धरून उभ्या होत्या. शाळा झाडणे, घंटा देणे, पाहुण्यांना चहा देणे ही त्यांची कामे. सगळी शाळा त्यांना मावशी म्हणते. सैनिक त्यांना ताई म्हणाला.

"ताई, हे तुमच्यासाठी आणलंय. सगळं नाही वाचलंत तरी चालेल. सत्त्याऐंशीवं पान तेवढं वाचा."

"बरं, भाऊ," मावशी म्हणाल्या.

तो आला त्याच्या दुप्पट वेगाने फाटकाबाहेर गेला. मावशींनी पदराला हात पुसले, मला उघडले, चित्र नाही असे पाहिले आणि मिटले. मित्रांनो, मावशींना वाचता येत नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, मग कुणाकडून तरी वाचून घ्यायचे. तिथेच तर घोटाळा होता. मावशींना नोकरी लागली तेव्हा अर्ज त्यांच्या धाकट्या भावाने भरला होता. शिक्षणाच्या रकान्यात त्याने बेधडक 'चौथी पास' असे लिहिले, बहिणीला सही गिरवायला शिकवली आणि पुढच्या महिन्यात तो सैन्यात भरती झाला. तो परत आला नाही. सरकारकडून एक पत्र आले. ते पोस्टमनने न विचारताच वाचून दाखवले. भाऊ धारातीर्थी पडला, असे त्यात होते. मावशींनी पत्राला काच बसवून घेतली. म्हणजे भावाची दोन लिखाणे मागे राहिली होती. एक त्याच्याविषयीचे आणि दुसरे त्याने ठोकून दिलेले. पहिले मावशींना वाचता येत नव्हते आणि दुसरे कुणाला कळता कामा नये, नाहीतर नोकरी गेली. मग पुस्तक कुणापुढे धरून 'एवढं वाचून दाखवा हो' असे त्या कोणत्या तोंडाने म्हणणार? त्यांनी मला मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवले. "कुणीतरी शाळेला भेट दिलंय," म्हणाल्या.

मी त्यांच्या हातात पुरते पाऊण मिनिट होतो. माझे काम तेवढ्यातच व्हायचे होते.

मुख्याध्यापकांना मी फार आवडलो. त्यांनी मला वाचले नाही, पण वजन करून पाहावे तसे हातात खालीवर केले आणि आठवीला पूरक वाचन म्हणून लावून टाकले. पन्नास प्रती आल्या आणि मी भाषेच्या बाईंकडे गेलो. बाईंची एक पद्धत होती. त्या लाल पेन्सिलने कठीण शब्दांखाली रेघ ओढत. मुलांनी त्याच रेघा आपापल्या पुस्तकात ओढायच्या, समासात अर्थ लिहायचा, शनिवारी दहा शब्दांची चाचणी द्यायची आणि वर्ष संपले की सगळे खोडरबराने पुसून पुस्तक पुढच्या वर्गाला द्यायचे. दरवर्षी माझी चामडी थोडी थोडी पातळ होत गेली. पण शब्द लक्षात राहत. 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नाची उत्तरे मी स्वतः पाहिली आहेत. 'बाबांनी कपाटामागच्या झुरळावर प्रत्याक्रमण केले.' 'आमचा दादा सायकलवरून धारातीर्थी पडला.' बाईंनी दोन्हींना पूर्ण गुण दिले. वाक्यरचना बिनचूक होती.

सत्त्याऐंशीव्या पानावर बाई दर वर्षी पेन्सिल घेऊन येत, वरून खाली नजर फिरवत आणि म्हणत, "यात काही नाही. पुढे." पन्नास प्रतींतले ते पान एकदम उलटे. त्या पानावर परीक्षेला प्रश्न येत नाही.

सैनिकाला दर वर्षी स्नेहसंमेलनाला बोलावत. तो साधा जवान म्हणून निवृत्त झाला होता, पण शाळा बढतीच्या बाबतीत उदार. पहिल्या निमंत्रणपत्रिकेवर तो 'हवालदार' होता, तिसऱ्या वर्षी 'कॅप्टन' झाला आणि पुढे 'मेजर'पर्यंत चढला. त्याने एकदा मुख्याध्यापकांना हळूच सांगून पाहिले.

"सर, मी मेजर नव्हतो."

"असू द्या हो! पत्रिका छापून झाल्या."

व्यासपीठावर मावशी चहा आणून ठेवत. सैनिक मान वर करत नसे. चहा तसाच गार होई. कार्यक्रम संपला की तो ग्रंथालयाच्या कपाटाशी येई, मला काढी, सत्त्याऐंशीवे पान उघडी. ते कोरे करकरीत असे. ना रेघ, ना अर्थ, ना बोटाचा डाग. तो मला मिटून परत ठेवी. अकरा वर्षे हे असेच चालले.

बाराव्या वर्षी वरून एक परिपत्रक आले. सर्व कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाची पडताळणी होणार होती. चौथी पास असणाऱ्याने तपासणी अधिकाऱ्यांसमोर एक परिच्छेद वाचून दाखवायचा. मावशींनी ते परिपत्रक स्वतःच फळ्यावर टाचणीने लावले, उलटे. बाईंनी ते सुलट केले आणि मग मावशींकडे पाहिले.

"मावशी, खरं सांगा."

मावशींनी खरे सांगितले. भावाचे, अर्जाचे, सहीचे, सगळे. "मी गेले तरी चालेल, बाई. पण तो खोटं बोलला असं लिहितील हो. तो आता जाब द्यायला येणार आहे का?"

बाई कडक होत्या, पण चहाडखोर नव्हत्या. तपासणीला चार महिने होते. दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की रिकाम्या वर्गात मावशी पहिल्या बाकावर बसू लागल्या. अक्षरे आली, काना-मात्रा आल्या, जोडाक्षरांपाशी गाडी अडली. पुस्तक म्हणून बाईंनी मला घेतले, कारण स्नेहसंमेलनाचा दिवस सोडला तर मी नेहमी त्यांच्याच पिशवीत असे. मावशी 'व्यूहात्मक'पाशी जाऊन घामाघूम होत. "हे माणसं बोलतात का कधी?" असे त्यांनी एकदा विचारलेही. बाईंनी पुढच्या शब्दावर बोट ठेवले. एका शनिवारी बाईंनी मला कंटाळून पानोपान चाळले आणि एका जागी थांबल्या.

"हे घ्या. सगळं सोपं आहे. सत्त्याऐंशी."

"सत्त्याऐंशी?" मावशी म्हणाल्या. "हा आकडा मला कुणीतरी सांगितला होता."

"वाचा."

बाई चाचणीच्या वह्या तपासू लागल्या. मावशींनी शब्दाखाली बोट ठेवले आणि एकेक अक्षर उचलत वाचले :

'तो खाली पडला होता. पायाला लागलं होतं. वय एकोणीस. हाताला सहा बोटं. सारे हसायचे, तोही हसायचा. घरी एक बहीण आहे, ती शाळा झाडते, असं रोज सांगायचा. तो मला बोलावत होता. पाणी मागत होता. माझी बाटली भरलेली होती. मी थांबलो नाही. मी पळालो. मागून आवाज येत होता. मग येईनासा झाला. तो शूर होता, असं सरकारने लिहिलं. मी शूर होतो, असंही लिहिलं. तो होता. मी नाही.'

'सहा बोटं' या शब्दांवर मावशींचे बोट बराच वेळ थांबले.

"अडलं का?" बाईंनी मान वर न करता विचारले. "छान जमतंय. पुढे."

मावशी पुढे गेल्या. पान संपायला चाळीस मिनिटे लागली. मग त्यांनी पानाचा कोपरा दुमडला. तुमच्यापैकी कुणी असे केले असते तर बाईंनी पट्टी काढली असती.

पुढच्या शनिवारी स्नेहसंमेलन होते. तपासणी अधिकारी प्रमुख पाहुणे होते, म्हणून मुख्याध्यापकांनी पडताळणीही व्यासपीठावरच उरकायचे ठरवले. एका हारात दोन कामे. डावीकडे अधिकारी, उजवीकडे सैनिक, मध्ये ध्वनिक्षेपक.

"कुठलंही पान वाचा," अधिकारी घड्याळ बघत म्हणाले.

बाईंनी मला मावशींच्या हातात दिले. मी आपोआप दुमडलेल्या कोपऱ्यावर उघडलो. आयुष्यात एवढे एक काम मी वेळेवर केले.

मावशींनी वाचले. या वेळी अडखळल्या नाहीत. पहिल्या वाक्याला सैनिकाने मान वर केली. आठवीची मुले सवयीने पेन्सिली काढून बसली होती, पण रेघ कुठे ओढावी ते त्यांना कळेना. 'मी पळालो' हे मावशींनी सैनिकाकडे बघून वाचले. ते वाक्य त्यांना पाठ झाले होते. वाचून झाल्यावर टाळ्या झाल्या. सर्वांत जोरात मुख्याध्यापकांनी वाजवल्या. "बघा! मेजरसाहेबांच्या पुस्तकानं काय किमया केली!" बाईंच्या हातातली लाल पेन्सिल खाली पडली. त्यांनी ते पान पहिल्यांदाच नीट ऐकले होते.

मग मावशी चहा घेऊन आल्या. मी सैनिकासमोरच्या टेबलावर होतो, त्यामुळे पुढचे फक्त मी ऐकले.

"कधी वाचलंत?" सैनिकाने विचारले.

"गेल्या शनिवारी. त्याआधी वाचताच येत नव्हतं मला."

सैनिकाने मला जवळ ओढले. "मला वाटलं, तुम्ही पहिल्याच दिवशी वाचलंत. मला काही बोलत नाही, ही शिक्षा आहे, असं समजून मी दर वर्षी येत होतो."

"शिक्षा?" मावशी म्हणाल्या. "तुम्ही चहा टाकता, म्हणून मी दर वर्षी एक चमचा साखर वाढवत होते."

सैनिकाने कप उचलला आणि परत ठेवला.

"आवाज किती वेळ येत होता?" मावशींनी विचारले.

"मी लांब गेलो होतो, ताई."

"किती वेळ?"

"बराच."

मावशींनी कप ट्रेमध्ये ठेवला. "गार झाला," म्हणाल्या, आणि पुढच्या पाहुण्याकडे गेल्या.

पुढच्या वर्षी सैनिक आला. पत्रिकेवर त्याच्या नावापुढे काहीच नव्हते. त्याने छापखान्यात जाऊन स्वतः खोडून घेतले होते. मावशींनी चहा ठेवला, एकच चमचा साखर. त्याने तो संपवला. मावशींच्या घरातले पत्र भिंतीवरच आहे, पण आता त्या ते वाचतात आणि 'धारातीर्थी'पाशी दर वेळी थांबतात. बाईंनी मला घरी नेऊन सगळे पुस्तक पहिल्यापासून वाचले, पेन्सिल न घेता. नंतर शब्दांची यादी मात्र तीच ठेवली. अभ्यासक्रम त्यांच्या हातात नव्हता.

मित्रांनो, माझा पुठ्ठा सुटला आहे, शिवण ढिली झाली आहे आणि खोडरबराने काही पानांच्या आरपार दिसते. तुम्ही पुस्तकांना कव्हर घाला, पाने ओल्या हातांनी उलटू नका, हे तर सांगायलाच हवे. पण जमले तर रेघा नसलेलीही पाने वाचत जा. तिथे कुणीतरी तुमची वाट बघत बसलेले असते, आणि त्याला वाटते की तुम्ही केव्हाच वाचले आहे.

मावशींची नोकरी राहिली. तपासणी अधिकाऱ्यांनी नोंदवहीत शेरा लिहिला : 'वाचन समाधानकारक. मजकुराचा अर्थ कळतो की नाही, ते पुढील तपासणीत पाहावे.' पुढील तपासणी अजून झालेली नाही.